पहाटे तीन वाजता गटारात किती पाणी असतं?

पहाटेचे तीन वाजलेत. सगळं शहर गाढ झोपलंय. नळ बंद, मोऱ्या कोरड्या, भांडी घासून पालथी घातलेली. अशा वेळी रस्त्याखालच्या ड्रेनेज लाइनमधून किती पाणी वाहत असेल? अगदी थोडं, असंच तुम्ही म्हणाल. पण ड्रेनेजचे इंजिनिअर मुद्दाम हीच वेळ साधून पाणी मोजतात. कारण लाइन यावेळीही जोरात वाहत असेल, तर त्यातलं बरंचसं पाणी घरांतलं नाही. मग कुठलं? जमिनीतलं! पाइपांचे सांधे निखळलेले असतात, कुठे तडे गेलेले असतात, आणि त्यांतून भूजल गुपचूप आत शिरतं. म्हणजे कुदळ न मारता, रस्ता न खणता कळलं की खालचा पाइप फुटका आहे. मला ही युक्ती फार आवडते.

एका रस्त्याचं असं मोजता येतं. पण सबंध देशाचं? भारतातल्या सगळ्या शहरांमधून रोज किती सांडपाणी निघतं आणि त्यातलं किती स्वच्छ होतं, हे कसं शोधायचं? प्रत्येक मोरीला काही मीटर नसतो. तेव्हा सुरुवात करायची ती आत येणाऱ्या पाण्यापासून. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं, असा आपल्याकडचा एक ठरलेला हिशेब आहे. त्यातलं थोडं पिण्यात जातं, थोडं झाडांना, थोडं वाळून जातं. उरलेलं साधारण ८० टक्के मोरीतून आणि संडासातून बाहेर पडतं. १३५ चे ८० टक्के म्हणजे १०८ लिटर. एक लाख वस्तीचं गाव असेल तर रोज १ कोटी ८ लाख लिटर सांडपाणी! दहा हजार लिटरचे टँकर उभे केले तर १,०८० टँकर लागतील, आणि तेही रोजच्या रोज. गंमत म्हणजे या सगळ्यात खरी घाण हजारातला जेमतेम एक भाग असते. बाकी सारं पाणीच.

असाच अंदाज केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने साऱ्या देशासाठी काढला. २०२१ साली त्यांचा अहवाल आला. त्यात शहरांतलं रोजचं सांडपाणी भरलं ७२,३६८ दशलक्ष लिटर, म्हणजे सात हजार दोनशे कोटी लिटरांहून जास्त. एवढा आकडा डोक्यात मावत नाही ना? मग समजा, ते सगळं मिळून फक्त १०० बादल्या आहे.

या १०० बादल्यांपैकी ४४ बादल्या शुद्ध करता येतील एवढी सांडपाणी प्रक्रिया केंद्रं देशात बांधलेली होती. वाचून बरं वाटतं, निम्म्याच्या जवळ तरी पोचलो. पण मंडळ तिथे थांबलं नाही. बांधलेल्यांपैकी चालू किती, हे त्यांनी पाहिलं. चालू केंद्रांची ताकद निघाली ३७ बादल्यांची. मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. या चालू केंद्रांत रोज खरोखर पाणी येतं किती? उत्तर आलं २८ बादल्या. उरलेल्या ७२ बादल्या नाल्यांत, नद्यांत, खाड्यांत, नाहीतर जमिनीत.

आता मला सांगा, चालू केंद्रांत ३७ बादल्यांची सोय आहे आणि पाण्याला तर तोटा नाही, मग २८ च का पोचल्या? केंद्र तर तयार उभं आहे!

अहो, पण पाणी तिथवर जायला रस्ता नको? केंद्र बांधायला एक मोकळी जागा पुरते. पाइप मात्र गल्लीगल्लीतून, दुकानांपुढून, चाळींमागून न्यावे लागतात. शिवाय ते उताराने टाकावे लागतात. पाण्याचा वेग सेकंदाला निदान साठ सेंटिमीटर तरी हवा, नाहीतर गाळ तळाशी बसतो आणि लाइन तुंबते. उतार देत देत पाइप खोल खोल जातो. फार खोल गेला की पंपिंग स्टेशन बांधून पाणी वर उचलायचं आणि पुन्हा उताराला लावायचं. हे काम महाग, वेळखाऊ आणि कोणाच्या नजरेला न दिसणारं. २०११ च्या जनगणनेत शहरांतल्या १०० घरांपैकी सुमारे ३३ घरंच ड्रेनेज लाइनला जोडलेली सापडली होती. ३८ घरांचं मैलापाणी सेप्टिक टाकीत जात होतं.

सेप्टिक टाकी असली म्हणजे वाईटच असं नाही हं. टाकीतला गाळ वेळच्या वेळी उपसायला मात्र हवा. आपल्या वाई आणि सिन्नर या गावांनी त्यासाठी छान पद्धत लावली. टाकी भरून वाहायची, मग तक्रार करायची, मग गाडी येणार, असं नाही. पाळीपाळीने साधारण तीन वर्षांतून एकदा प्रत्येक टाकी उपसायची आणि तो गाळ त्यासाठीच बांधलेल्या केंद्रात न्यायचा.

चला, आता जे पाणी केंद्रापर्यंत पोचलं त्याच्याबरोबर आत शिरू. सुरुवातीला लोखंडी गजांची जाळी लागते. पिशव्या, चिंध्या, बाटल्यांची बुचं, सगळं तिथे अडकतं. पुढे वाळू खाली बसवतात. मग एक सिमेंटची पन्हळ लागते, मध्येच अरुंद केलेली. तिला पार्शल फ्ल्यूम म्हणतात. पाणी जास्त आलं की त्या अरुंद जागेच्या अलीकडे त्याची पातळी चढते, कमी आलं की उतरते. वर टांगलेलं छोटं यंत्र पाण्यावर आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून पातळी ओळखतं. पातळी कळली की सेकंदाला किती लिटर, हे गणिताने निघतं. इथला काटा सकाळी सात ते दहा या वेळात बघण्यासारखा असतो. सगळ्यांच्या अंघोळी एकदम पोचलेल्या असतात!

त्यानंतरच्या मोठ्या टाक्यांत खरी जादू चालते. तिथे पाण्यात सतत हवा सोडतात आणि अब्जावधी जिवाणू घाणीवर ताव मारतात. ही रीत १९१४ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी जगापुढे मांडली. सांडपाण्यात हवा सोडून ते शुद्ध करायला त्यांना आधी कित्येक आठवडे लागले. तळाशी गाळ बसला. तो त्यांनी फेकला नाही, तसाच ठेवून त्यावर नवं सांडपाणी ओतलं. काम आधीपेक्षा लवकर झालं. पुन्हा तेच केलं, आणखी लवकर. शेवटी आठवड्यांचं काम काही तासांवर आलं, कारण त्या गाळात कामसू जिवाणूंची फौज वाढत होती.

ही फौज ठणठणीत आहे ना, हे कसं बघतात माहितीये? टाकीतलं तपकिरी पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरतात आणि अर्धा तास त्याला हात लावत नाहीत. हळूहळू गाळाचे पुंजके एकमेकांना चिकटतात, खाली सरकतात आणि वर नितळ पाणी राहतं. गाळ बसलाच नाही, तर समजायचं काहीतरी बिनसलंय. मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. त्यात घंटेच्या आकाराचा, देठावर डोलणारा व्हॉर्टिसेला दिसला की केंद्रातली माणसं खूश होतात. काचेला नुसता धक्का लागला तरी त्याचा देठ झटकन आखडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सावकाश लांब होतो.

बाहेर पडणारं पाणी किती शुद्ध झालं, याचीही परीक्षा असते. ३०० मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा नको. बूच लावून ती अंधारात, २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवायची. आधी आणि नंतर पाण्यातला प्राणवायू मोजायचा. घाण जेवढी जास्त, तेवढा जिवाणूंनी प्राणवायू जास्त संपवलेला. याला बीओडी चाचणी म्हणतात. नदीत नेमकं हेच होतं, फक्त तिथे प्राणवायू माशांच्या वाट्याचा असतो.

महाराष्ट्राचं काय, असं विचाराल. याच अहवालात आपल्या राज्याच्या १०० बादल्यांपैकी साधारण ७५ बादल्यांची केंद्रं बांधलेली होती आणि खरोखर प्रक्रिया होत होती सुमारे ४७ बादल्यांवर. देशाच्या सरासरीपेक्षा आपण पुष्कळ पुढे आहोत. पण बांधलेलं आणि वापरलेलं यांतली दरी बघा केवढी! नागपूरने मात्र या पाण्याचं मोल ओळखलं. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी तिथून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं, त्यामुळे तेवढं धरणाचं पाणी वाचतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच बादलीत मोजली जात नाही. तुंबलेली लाइन मोकळी करायला आजही काही ठिकाणी माणसाला चेंबरमध्ये उतरवतात. आत हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू साठलेला असतो आणि माणसं दगावतात. सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी हे थांबलेलं नाही. केरळमधल्या तरुण इंजिनिअरांनी यासाठी बँडिकूट नावाचा यंत्रमानव बनवला. २०१८ पासून तो तिरुवनंतपुरममध्ये माणसाऐवजी खाली उतरतो. असे यंत्रमानव प्रत्येक गावात हवेत, आणि लवकर हवेत.

आता वही घ्या. तुमच्या गावाची लोकसंख्या लिहा आणि तिला १०८ ने गुणा. झालं तुमच्या गावाचं रोजचं सांडपाणी, लिटरमध्ये! मग बाईंना किंवा सरांना सांगून वर्गाच्या नावाने नगरपालिकेला पत्र लिहा. आपल्या प्रक्रिया केंद्राची क्षमता किती, हे विचारा, आणि लगेच खाली दुसरा प्रश्न लिहा, की काल तिथे पाणी किती आलं? उत्तर बहुधा एमएलडीमध्ये येईल. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर.