विमानातलं सॉफ्टवेअर : पडताळा नेमका कशाचा?

मागच्या वेळी आपण चार्वाकांचा आक्षेप पाहिला : धूर आणि अग्नी आजवर कितीही वेळा एकत्र दिसले असले, तरी पुढच्या वेळी दिसतीलच हे कशावरून? आज हाच प्रश्न विमानातल्या संगणकाला विचारू.

ज्या बिघाडाने विमानच कोसळेल, तो उड्डाणाच्या एका तासात घडण्याची शक्यता एक अब्जांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी हवी, अशी प्रवासी विमानांकडून अपेक्षा असते. एक अब्ज तास म्हणजे सुमारे १ लाख १४ हजार वर्षं! एवढी चाचणी घेणार कोण? म्हणून ‘इतके तास नीट चाललं’ एवढ्यावर भागत नाही. सॉफ्टवेअर कसं घडवलं आणि कसं तपासलं, हे पाहावं लागतं. २०११ चं डीओ-१७८सी हे मानक तेच पाहतं. प्रत्येक अपेक्षेचा माग कोडपर्यंत आणि चाचणीपर्यंत लागला पाहिजे.

सर्वांत कडक ‘ए’ पातळीची एक अट तर थेट आपल्या सत्यता-कोष्टकातली आहे. समजा, विमान जमिनीवर टेकलं हे ओळखण्याचा नियम असा : डाव्या आणि उजव्या चाकांवर पुरेसा भार आहे, किंवा चाकं वेगाने फिरताहेत. तीन विधानं, आठ शक्यता. प्रत्येक विधान एकट्याच्या बळावर निर्णय बदलू शकतं, हे दाखवायचं. त्याला चार चाचण्या पुरतात. घरी कागदावर मांडून बघा. उजवीकडे भार आहे, डावीकडे नाही, चाकं पुरेशी फिरत नाहीत, ही त्यातली एक. उत्तर ‘नाही’ आलं की चाचणी उत्तीर्ण.

आता १४ सप्टेंबर १९९३, वॉर्सा. लुफ्तान्साचं ए३२० ओल्या धावपट्टीवर आधी उजव्या चाकांवर टेकलं. डावी टेकायला सुमारे नऊ सेकंद गेले. नियम साधारण वरच्यासारखाच. तोवर ना पंखांवरचे स्पॉयलर उठले, ना इंजिनांचा उलटा जोर मिळाला. विमान धावपट्टीपलीकडच्या बांधावर आदळलं, दोघे दगावले. (आपली चार चाचण्यांची अट १९९२ च्या आवृत्तीत आली, हे विमान त्याआधीच्या रचनेचं. पण ती लावली असती तरी हीच स्थिती ‘बरोबर’ ठरली असती.)

सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलं. पडताळा झाला तो नियमानुसार वागण्याचा. ‘टेकणं’ या शब्दाची व्याख्या कुणी पडताळायची?

बरं, ती व्याख्या निष्काळजीपणे केली होती, असंही म्हणता येत नाही. १९९१ साली थायलंडवर लाउडा एअरच्या विमानात एका इंजिनाचा उलटा जोर हवेतच सुरू झाला आणि २२३ माणसं गेली. म्हणजे नियमातला तो ‘आणि’ ढिला केला की हा धोका वाढतो, घट्ट ठेवला की वॉर्साचा. प्रत्येक बाजूला ६.३ टन भार हवा, असं तेव्हा ठरलेलं होतं. तो आकडा कोडमध्ये बरोबर उतरला का, हे चाचणी सांगते. तो ६.३च का, हे तिला विचारलेलंच नसतं.