शिशाची गोळी आणि मलाजखंडचं तांबं

मध्य प्रदेशातल्या मलाजखंडचं नाव देशभर झालं ते १९८२मध्ये सुरू झालेल्या तांब्याच्या प्रकल्पामुळे. त्याच्या शंभर वर्षं आधीपासून बैहरच्या बाजूची ही रानं शिकाऱ्यांना पाठ होती. १८७९मध्ये कान्हाचं जंगल राखीव झालं. मग शिकारीचे ब्लॉक पडले, परवाने निघाले, हाके होऊ लागले. साहेबाची रायफल असो की गावातली भरमार, गोळी शिशाचीच.

शिसं जड, मऊ आणि स्वस्त. चितळाच्या अंगात शिरताच गोळी पसरते आणि जनावर लवकर पडतं. जखमी जनावर रानात सोडू नये, हा शिकाऱ्याचा धर्म. त्यात शिसं चोख उतरलं. गोळीचे बारीक कण मांसात आणि रानात टाकलेल्या आतड्यांत राहतात, हे तेव्हा कुणाच्या ध्यानी नव्हतं.

१९३३मध्ये कान्हा अभयारण्य आणि १९५५मध्ये राष्ट्रीय उद्यान होऊनही तिथलं बारशिंगा हे हरीण घटतच गेलं. शिकार झाली, कुरणं आक्रसली. १९७० साली कान्हात जेमतेम ६६ उरले. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला, १९९१च्या दुरुस्तीने उरलेले परवानेही संपवले. आपल्याकडे बंदी शिशावर आली नाही, बंदुकीवर आली. बारशिंगा आज पुन्हा हजाराच्या घरात आहे.

जिथे शिकार चालू राहिली, तिथे वाद शिशाचा झाला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काँडॉर ही अवाढव्य गिधाडं हरणांचे अवशेष खाऊन शिशाच्या विषबाधेने मरत होती. १९८७पर्यंत ती अवघी २७ उरली. २०१९पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आहे. डेन्मार्कने १९९६मध्ये शिशाचे छर्रे बंद केले, २०२४मध्ये रायफलीच्या गोळ्याही.

शिकाऱ्यांच्या तक्रारी पोकळ नव्हत्या. तांब्याची गोळी महाग. तांबं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि जुन्या नळीला मानवेलच असं नाही. वेग कमी पडला तर ती नीट उघडत नाही. पण योग्य अंतरावरून ती खोल जाते, फुटून विखुरत नाही आणि मांस स्वच्छ राहतं. म्हणून बंदीची वाट न पाहता अनेकांनी तांबं पत्करलं.

आपण बंदूक खाली ठेवली, तरी आपली गिधाडं वाचली नाहीत. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोरांतून त्यांच्या पोटात गेलं. जनावरांसाठी त्याच्यावर बंदी यायला २००६ उजाडलं. औषध वेगळं, धातू वेगळा, वाट तीच.

म्हणून शिकारीचा तो जुना धर्म आज एक पाऊल पुढे न्यायला हवा. जखमी जनावर सोडू नये, तसं विषारी कलेवरही सोडू नये. जिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे तिथे शिशाला जागा नको. त्याची जागा घेणारा धातू तर मलाजखंडच्या पोटातच आहे.