अवघड बाळंतपण आणि कायद्याचा सल्ला

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिच्यात अनुभवाचे शहाणपण आहे, हे कोणी नाकारणार नाही. पण ही म्हण सांगून घरातील वडीलधारी माणसे जेव्हा एखाद्या बाळंतिणीला गप्प बसवितात, तेव्हा त्या शहाणपणाची किंमत कोण देतो, याचाही विचार व्हावयास हवा. बाळंतपण अडले, बाळ दगावले किंवा अधू झाले, आईच्या जिवावर बेतले, की घरात दोनच आवाज उठतात. एक म्हणतो, “नशिबात होते ते झाले.” दुसरा म्हणतो, “डॉक्टरला सोडायचे नाही.” पहिल्याने प्रश्न पुरला जातो, दुसऱ्याने दवाखान्याच्या काचा फुटतात, पण उत्तर मिळत नाही. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वाट आहे. नीट चौकशी करावी, जाणत्याचा सल्ला घ्यावा आणि मग काय ते ठरवावे, ही ती वाट होय.

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात नंदिगड्डे हे गाव आहे. पूर्वी सुपे या नावाने ओळखला जाणारा हा तालुका दाट रानाचा आणि विरळ वस्तीचा. खुद्द सुपे गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. जिल्ह्याचे ठिकाण कारवार. तेथे जाऊन यावयाचे म्हणजे कामाचा एक दिवस मोडतो. अशा मुलखात एखाद्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, पावसाळा असला, गाडी वेळेवर आली नाही, आणि एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पाठविता पाठविता पहाट झाली, असे एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. बाळ जन्मले, पण रडले नाही. महिन्यानंतर त्याची मान धरत नाही. हे कुटुंब वकिलाकडे जावे की न जावे?

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. वाईट परिणाम आणि चूक या दोन गोष्टी एक नव्हेत. बाळंतपणात अशी काही संकटे येतात, की निष्णात डॉक्टर उशाशी उभा असूनही ती टळत नाहीत. प्रसूतीनंतर एकाएकी अतिरक्तस्राव होतो. रक्तदाब वाढून झटके येतात. डोके बाहेर आल्यावर बाळाचा खांदा अडकतो आणि त्याच्या हाताच्या शिरांना इजा होते. मेंदूच्या विकाराने अधू झालेल्या मुलांविषयी तर सर्वसाधारण समज असा आहे, की हा दोष बाळंतपणातच लागला. वस्तुतः अशा मुलांपैकी बहुसंख्यांच्या विकाराचे कारण प्रसूतीच्या वेळचे नसते. गर्भावस्थेतील संसर्ग, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मजात दोष अशी अनेक कारणे असतात. तेव्हा मूल अधू झाले एवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही.

मग चूक कशाला म्हणावयाचे? सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेतली असती, तेवढी घेतली गेली काय, हे न्यायालय पाहते. पुण्याच्या जोशी-गोडबोले खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना काळजी घेणे, कोणता उपचार करावयाचा हे ठरविताना काळजी घेणे, आणि प्रत्यक्ष उपचार करताना काळजी घेणे, अशी ती होत. दोन मान्य उपचारांपैकी डॉक्टरने एक निवडला आणि तो यशस्वी झाला नाही, तर तो गुन्हा नव्हे. पण काळजीच घेतली नाही, तर तो निष्काळजीपणा ठरतो.

हा भेद प्रत्यक्षात कसा दिसतो, हे महाराष्ट्रातीलच एका खटल्यावरून कळते. १९६३ च्या जुलै महिन्यात औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील स्त्रियांच्या सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. १० जुलैला मूल सुखरूप जन्मले. १३ जुलैला तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिला ताप चढला आणि पोटातील वेदना थांबेनात. १९ जुलैला पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत शस्त्रक्रियेच्या वेळी राहून गेलेला कापडाचा बोळा सापडला. २४ जुलैला ती गेली. तिच्या पतीने व मुलांनी सरकारवर दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये भरपाई दिली; उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला; अखेर १९९६ साली, अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने प्रसिद्ध असलेल्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने ती भरपाई पुन्हा मंजूर केली.

या निकालातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, पोटात बोळा राहणे ही गोष्टच स्वतः बोलते. असे काळजीपूर्वक काम करणाऱ्याच्या हातून होत नाही, म्हणून निष्काळजीपणा निराळा सिद्ध करण्याचा भार हलका होतो. दुसरी, अनेकांपैकी नेमक्या कोणत्या डॉक्टरच्या हातून चूक झाली हे बोट ठेवून दाखविता आले नाही, तरी रुग्णालय चालविणारे सरकार जबाबदारीतून सुटत नाही. आणि तिसरी, १९६३ ते १९९६ हा काळ ३३ वर्षांचा आहे. आई गमावलेली मुले तोवर मोठी झाली. कोर्टाच्या पायरीविषयीची म्हण उगीच पडलेली नाही, हेही यावरून दिसते.

तेव्हा सल्ला केव्हा घ्यावा? काही खुणा सांगता येतात. कळा सुरू असता तासन्‌तास कोणी तपासले नाही. बाळाचे ठोके मंदावल्याचे सांगूनही डॉक्टर बोलावले गेले नाहीत. शस्त्रक्रियेची गरज सांगूनही कारण न देता विलंब झाला. रक्तस्राव होत असता बाळंतिणीला एकटे ठेवले. तिच्या संमतीवाचून, जिवाला तातडीचा धोका नसताही, दुसरीच शस्त्रक्रिया केली. वार अथवा कापड आत राहिले. तातडीच्या अवस्थेत दाखल करून घेण्यासच नकार दिला. कागद मागितले असता ते दिले नाहीत किंवा त्यांत मागाहून खाडाखोड दिसली. यांपैकी एखादी गोष्ट घडली असेल, तर विचारणे योग्य होय. विचारणे म्हणजे खटला भरणे नव्हे. सल्ला घेतल्यावर ‘यात दम नाही’ असे कळले, तरी ते कळणे मनाला स्वस्थता देते.

सल्ल्याला जाण्यापूर्वी कागद जमवावेत. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत त्याच्या नोंदी दिल्या पाहिजेत. आणि आंतररुग्णाच्या नोंदी ३ वर्षे जपून ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मागणी लेखी करावी व तिची पोच घ्यावी. सरकारी रुग्णालयात माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदाही उपयोगी पडतो. गरोदरपणाचे कार्ड, प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख, बाळाच्या ठोक्यांच्या नोंदी, संमतिपत्र, एका दवाखान्यातून दुसरीकडे पाठविल्याची चिठ्ठी व तिच्यावरील वेळ, ही मुख्य कागदपत्रे होत. जन्मल्यावर १ मिनिटाने व ५ मिनिटांनी बाळाला १० पैकी गुण देण्याची पद्धत अमेरिकेतील डॉक्टर व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली घालून दिली. ते गुणही नोंदीत असतात. कमी गुण म्हणजे चुकीचा पुरावा नव्हे, पण बाळ कोणत्या अवस्थेत जन्मले हे त्यांवरून कळते. याशिवाय बाळंतिणीबरोबर असलेल्या माणसांनी काय घडले ते वेळेनुसार लिहून काढावे. आठवण लवकर पुसट होते आणि राग तिच्यात भर घालतो. सीमाभागात हे कागद बहुधा इंग्रजीत वा कानडीत असतात. ते वाचून मराठीत सांगणारा विश्वासू माणूस, शक्यतो दुसरा डॉक्टर, गाठावा.

दाद मागण्याची दारे निरनिराळी आहेत. पैसे देऊन उपचार घेतले असतील, तर ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. बिल विमा कंपनीने भरले असले तरी हा हक्क राहतो. २०१९ च्या नव्या कायद्याप्रमाणे तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे नंदिगड्ड्याच्या माणसाला कारवारचा आयोग आहे, मग बाळंतपण गोव्यात झालेले असो वा बेळगावात. मात्र जेथे सर्वांनाच सेवा मोफत मिळते, अशा सरकारी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. पण म्हणून तेथील रोगी निराधार नाही. त्याला दिवाणी दावा करता येतो, आणि मूलभूत हक्काचा भंग झाला असल्यास उच्च न्यायालयाकडेही जाता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली गरीब बाळंतिणींच्या खटल्यात सुरक्षित मातृत्वाची सेवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली, तर परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते किंवा त्याचे नाव नोंदवहीतून काढू शकते. भरपाई देऊ शकत नाही. फौजदारी तक्रार हे शेवटचे दार. तेथे साधी चूक पुरत नाही, ठळक निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी निष्पक्ष वैद्यकीय मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले आहे. रागाच्या भरात पुष्कळ लोक प्रथम याच दारावर थाप मारतात आणि रिकाम्या हाताने परततात.

मुदतीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षांची आहे. सबळ कारण असल्यास आयोग विलंब माफ करू शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये. मृत्यूबद्दलच्या भरपाईचा दिवाणी दावाही २ वर्षांतच करावा लागतो. सरकारवर दावा लावण्यापूर्वी साधारणतः २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. अज्ञान मुलाच्या स्वतःच्या दिवाणी हक्कासाठी कायदा अधिक सवलत देतो. पण मूल मोठे होईपर्यंत कागद आणि साक्षीदार दोन्ही हरवतात. म्हणून सुतक फिटले, बाळंतीण हिंडूफिरू लागली, की निदान कागद मागण्याचे काम उरकावे.

वकिलाची फी कोठून आणावयाची, हा प्रश्न गरीब घरात प्रथम येतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने स्त्रिया व मुले यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेही विचारता येते. म्हणजे केवळ सल्ल्यासाठी म्हैस विकण्याची अगर दागिना गहाण टाकण्याची गरज नाही.

आता पुन्हा त्या कल्पनेतील घराकडे वळावे. तेथे सासरा बोलतो, दीर बोलतो, गावचे पुढारी बोलतात. कोणी म्हणतो, डॉक्टर उद्या पुन्हा लागेल, वैर नको. रानातल्या गावाला मिळालेला एकुलता डॉक्टर दुखावला जाऊ नये, ही भीती खोटी नाही, आणि तिचा मान राखला पाहिजे. कित्येकदा डॉक्टरसमोर शांतपणे बसून ‘काय घडले ते आम्हाला सांगा’ एवढे विचारल्यानेच गाठ सुटते. प्रामाणिक डॉक्टर त्याचे उत्तर देतो. तेच पहिले पाऊल असावे. पण या सगळ्या बोलण्यात ज्या बाईने कळा सोसल्या, तिला कोणी विचारीत नाही. त्या रात्री खोलीत काय झाले, हे सर्वांत जास्त तिलाच ठाऊक असते. अधू मुलाला आयुष्यभर उचलावयाचे तिलाच असते. तिला भरपाई हवी असेल, कारण मुलाच्या उपचाराला पैसा लागेल. तिला केवळ उत्तर हवे असेल. किंवा तिला हे सारे विसरून मुलाकडे पाहावयाचे असेल. यांपैकी कोणतीही इच्छा कमी प्रतीची नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणणाऱ्यांनी ही म्हण खुशाल सांगावी. मात्र ती सांगण्यापूर्वी त्या बाळंतिणीच्या शेजारी बसून, तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे. चढावी की न चढावी, हे ठरविण्याचा पहिला अधिकार तिचा आहे.