आधी ड्राय रन (लेखांक ६)

पुढच्या चार ओळी बघा. कॉम्प्युटर त्या वरून खाली, एकेक करून पाळतो. शेवटी अ मध्ये काय आणि ब मध्ये काय?

अ = ५
ब = ७
अ = ब
ब = अ

पहिल्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न विचारला की 'अ सात, ब पाच' असे उत्तर कुणीतरी हमखास देते. त्याला वाटते, अदलाबदल झाली. प्रत्यक्षात दोन्हींत ७ उरतात. तिसऱ्या ओळीला अ मधला ५ पुसला गेला. चौथी ओळ आली तेव्हा तो कुठे शिल्लकच नव्हता. असे चुकणारे मूल निष्काळजी नसते. शाळेत बरोबरीचे चिन्ह त्याने 'दोन्ही बाजू सारख्या' असेच वाचलेले असते, आणि गणितातली समीकरणे लिहून झाली की सगळी एकाच वेळी खरी असतात. प्रोग्रॅममध्ये तसे नाही. तिथे आधी आहे आणि नंतर आहे. ही गोष्ट शिकवणाऱ्याच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती वेगळी शिकवावी लागते हेच त्याच्या लक्षात येत नाही.

गेल्या लेखात सेमूर पेपर्ट आणि लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल लिहिले. मुलांच्या हातून प्रोग्रॅम लिहून घ्यायचा तो उत्साह खरा होता आणि आजही हवा आहे. पण लिहायला बसलेली मुले नेमकी कुठे अडतात, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

त्याकडे संशोधकांचे नीट लक्ष गेले ते एका नामुष्कीमुळे. २००१ साली इंग्लंडमधल्या कँटरबरी इथे कॉम्प्युटर शिक्षणाची परिषद भरली होती. जॉर्जिया टेकचे मायकेल मॅक्रॅकन यांच्या पुढाकाराने एका गटाने चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासायला घेतले. ही मुले प्रोग्रॅमिंगच्या सुरुवातीच्या शिक्षणातून गेलेली होती. काम कॅल्क्युलेटरचे होते : आकडे आणि चिन्हे दिली की उत्तर काढून देणारा प्रोग्रॅम लिहा. एवढे शिकल्यावर हे जमायला हवे, अशी शिकवणाऱ्यांची अपेक्षा होती. सरासरी गुण पडले ११० पैकी २२.८९. कितीतरी जणांचा प्रोग्रॅम चालण्याच्या अवस्थेपर्यंतही पोचला नव्हता.

एका कॉलेजात असे झाले असते तर दोष शिक्षकावर किंवा त्या बॅचवर गेला असता. चार ठिकाणी झाले म्हटल्यावर ती पळवाट उरली नाही. गटाने निदान केले ते असे : दिलेल्या वर्णनातून प्रश्नाचा गाभा काढून त्याची फोड करणे मुलांना जमत नाही. म्हणजे प्रोग्रॅमिंग येते, विचार करणे येत नाही.

सिडनीचे रेमंड लिस्टर यांना हे निदान अपुरे वाटले. मुले लिहू शकत नाहीत हे दिसले, पण त्यांना वाचता तरी येते का? २००४ साली लीड्सच्या परिषदेत त्यांच्या गटाने तेच तपासले. सात देशांतल्या विद्यार्थ्यांना बहुपर्यायी प्रश्न दिले. त्यात काही सुचायचे नव्हते, काही रचायचे नव्हते. एक तर 'हा कोड चालवला तर उत्तर काय येईल?' किंवा 'यातली गाळलेली ओळ पर्यायांतून निवडा.' बऱ्याच मुलांची गाडी इथेच अडली. दहाबारा ओळींचा, दुसऱ्याने लिहून दिलेला, बिनचूक प्रोग्रॅम त्यांना शेवटपर्यंत नेता येत नव्हता. ज्याला हे जमत नाही त्याने कोऱ्या पानावर कॅल्क्युलेटर लिहावा ही अपेक्षाच चुकीची होती.

या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट गुणांची नाही. त्या गटाने मुलांचे रफ कागदही गोळा करून तपासले. काही कागद कोरे होते. काहींवर एखाददुसरा आकडा होता. आणि काहींवर व्हेरिएबलच्या नावाखाली एकेक किंमत लिहिलेली, ती बदलली की खोडलेली, खाली नवी लिहिलेली. आपल्याकडे ज्याला ड्राय रन म्हणतात तोच हा. किमती अशा नीट मांडत गेलेल्यांचे उत्तर बरोबर येण्याची शक्यता जास्त होती. सगळे डोक्यात धरू पाहणाऱ्या कोऱ्या कागदावाल्यांची ती कमी होती.

पुढची काही वर्षे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या शिक्षकांनी हा प्रश्न लावून धरला. त्यांच्या परीक्षांत एक नवा प्रकार आला : कोड द्यायचा आणि तो काय करतो ते एका वाक्यात, साध्या भाषेत लिहायला सांगायचे. उदाहरणार्थ, सुरुवातीच्या अ आणि ब यांची खरी अदलाबदल करायची तर एक तिसरे व्हेरिएबल लागते :

क = अ
अ = ब
ब = क

एक मुलगी लिहिते, 'अ ची किंमत क मध्ये ठेवली, मग ब ची अ मध्ये ठेवली, मग क ची ब मध्ये ठेवली.' यात चूक काहीच नाही. दुसरी लिहिते, 'अ आणि ब यांच्या किमतींची अदलाबदल होते.' पहिलीला तीन ओळी दिसल्या, दुसरीला एक काम दिसले. ज्यांना अजून पहिल्यासारखेच दिसते त्यांच्यावर आपण मोठा प्रोग्रॅम लादतो तेव्हा त्यांच्यापुढे चाळीस सुट्या ओळी असतात आणि त्या सगळ्या एकदम सांभाळायच्या असतात. २००८ साली लिस्टर आणि त्यांच्या न्यूझीलंडमधल्या सहकाऱ्यांनी परीक्षेचे आकडे लावून पाहिले. ड्राय रन करता येणे आणि कोडचे काम एका वाक्यात सांगता येणे, या दोन्हींचा मिळून प्रोग्रॅम लिहिता येण्याशी चांगलाच संबंध निघाला.

मुले वाचताना काय समजून वाचतात, याचा छडा तर त्याआधीच लागला होता. ब्रिटनमध्ये बेनेडिक्ट डु बुले १९८६ साली लिहीत होते की प्रोग्रॅम शिकणाऱ्याला भाषेच्या नियमांखेरीज आणखी एक गोष्ट मनात उभी करावी लागते : ते नियम पाळणारे यंत्र. शिक्षकाने 'व्हेरिएबल म्हणजे डबा' म्हटले की काही मुले त्या डब्यात दोन किमती शेजारी शेजारी ठेवतात. डब्यात दोन वस्तू मावतातच, मुलाचे काय चुकले? त्याच वर्षी अमेरिकेत रॉय पी यांनी वेगवेगळ्या चुकांच्या मुळाशी एकच समजूत दाखवून दिली : आत कुणीतरी शहाणे बसलेले आहे आणि मला काय म्हणायचे आहे ते त्याला कळते. म्हणून मूल निम्मे सांगून थांबते. माणसाशी बोलताना आपण सगळे तसेच बोलतो आणि समोरचा समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही, आणि ते का घेत नाही हे त्या मुलाला कुणी बसून सांगितलेले नसते.

इथे एका वेगळ्या वाटेबद्दल लिहिलेच पाहिजे, कारण तिने नुकसान केले आहे. २००६ साली लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातले सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांनी एक निबंध प्रसृत केला. आपल्या सुरुवातीच्या ओळींसारखेच प्रश्न त्यांनी मुलांना विचारले, तेही प्रोग्रॅमिंग शिकवायला सुरुवात होण्याआधी. कोण पुढे पास होणार आणि कोण नापास, हे या उत्तरांवरून बरेचसे सांगता येते, असा दावा केला. उंटाच्या दोन मदारींसारखे वर्गाचे दोन उंचवटे असतात, जमणारे आणि न जमणारे, हे चित्र त्यातून जगभर गेले. पुढच्या मोठ्या चाचण्यांत तो दावा तसा टिकला नाही आणि २०१४ साली बोर्नाट यांनी तो जाहीरपणे मागे घेतला. दरम्यान कॅनडात एलिझाबेथ पॅट्सास आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या ७७८ वर्गांचे अंतिम गुण तपासले. २०१६ साली त्यांनी सांगितले की एकाहून अधिक उंचवटे असल्याचा पुरावा फक्त ५.८ टक्के वर्गांत दिसतो. बाकी गुण इतर विषयांसारखेच पसरलेले. पण 'कोडिंग हे उपजत असावे लागते' हे वाक्य मागे घेतले गेले नाही. ते आजही स्टाफरूममध्ये ऐकू येते, आणि ते ऐकून गप्प बसणारी, मग विषय सोडणारी मुले मला फार खरी वाटतात. त्याच चार ओळींच्या प्रश्नाने मूल कुठे अडले ते कळते. त्याला चाळणीसारखे वापरून मुले वेगळी काढणे हा त्या प्रश्नाचा आणि मुलांचा, दोघांचाही अपमान आहे.

अडले ते कळले की करायचे काय, याचीही उत्तरे आली आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठात बेंजामिन शाय, ग्रेग नेल्सन आणि एमी को यांनी मुलांना ड्राय रनची पद्धतच शिकवली : आधी प्रश्न वाचा, कुठून सुरू होते ते शोधा, एक ओळ वाचा, तक्ता बदला, पुढच्या ओळीला जा. २०१८ साली त्यांनी निकाल मांडले. ही पद्धत वापरणाऱ्यांना कोड वाचण्याच्या प्रश्नांत सरासरी १५ टक्के जास्त गुण मिळाले. विद्यार्थी २४ च होते, तेव्हा या आकड्यावर इमारत बांधू नये. तरी दिशा लीड्सच्या रफ कागदांशी जुळते. न्यूझीलंडच्या ओटागो पॉलिटेक्निकमधल्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली दुसरी युक्ती काढली : बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी उलटसुलट करून द्यायच्या आणि मुलांनी त्या क्रमाने लावायच्या. पुढे बार्बरा एरिक्सन यांच्या प्रयोगांत असे दिसले की कोरा कोड लिहिण्यापेक्षा याला कमी वेळ लागतो आणि शिकणे मात्र तेवढेच होते. पडद्यावर पाहायचे असेल तर फिलिप गुओ यांचे 'पायथन ट्यूटर' आहे. त्यात एकेक ओळ पुढे सरकते तशा किमती बदलताना दिसतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईत अभिराम रानडे यांनी सी प्लस प्लस शिकवण्यासाठी कासव पडद्यावर आणले, ते गेल्या लेखातल्या लोगोचेच वंशज. कासव किती चालले, किती वळले ते डोळ्यांसमोर घडते, त्यामुळे आत कुणी शहाणे नाही हे लवकर कळते.

आणि आपली प्रॅक्टिकल्स? ड्राय रन हा शब्द आपल्या प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी आहे. पण तो फळ्यावर होतो, सरांच्या किंवा मॅडमच्या हाताने, आणि मुले तो उतरवून घेतात. जर्नलमध्ये उद्देश, अल्गोरिदम, कोड, आउटपुट सगळे सुवाच्य असते, कितीदा तरी मागच्या बॅचच्या जर्नलवरून आलेले. सही होते, सबमिशन होते. मुलाने स्वतः एकही लूप कागदावर चालवून पाहिलेली नसते आणि हे कुठेच उघडे पडत नाही. व्हायवालाही व्याख्या विचारल्या जातात.

नव्या शैक्षणिक धोरणाने कोडिंग सहावीपर्यंत खाली आणले आहे. ज्या शाळेत एका कॉम्प्युटरमागे आठदहा मुले उभी राहतात तिथे शिक्षकांना पहिली चिंता यंत्रांची वाटते, आणि ती रास्त आहे. पण वाचायला यंत्र लागत नाही. छापलेला आठ ओळींचा प्रोग्रॅम, पेन्सिल आणि रकाने आखलेला कागद, एवढ्यावर तासाची पहिली दहा मिनिटे जाऊ शकतात. प्रत्येकाने स्वतः तक्ता भरायचा, उत्तराचा अंदाज लिहायचा, मगच कुणीतरी ते यंत्रावर चालवून पाहायचे. अंदाज चुकला तर तक्त्यातली नेमकी कुठली ओळ चुकली ते मुलालाच सापडते. कोड आयता लिहून देणारी साधने आल्यामुळे हे जास्तच निकडीचे झाले आहे. त्याबद्दल पुढच्या लेखात.

त्या दहा मिनिटांच्या शेवटी 'हा प्रोग्रॅम काय करतो?' या प्रश्नाचे एक वाक्य मराठीत लिहू द्यावे. मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मुले पहिल्या वर्षाला इंग्रजी वाक्य जुळवण्यातच थकतात, आणि त्यांना अदलाबदल कळली होती की वाक्य जमले नव्हते, हे तपासणाऱ्याला कळायला मार्गच राहत नाही. कोडमधले शब्द इंग्रजी आहेत, राहू देत. त्याचा अर्थ मुलाने ज्या भाषेत लावला त्या भाषेत लिहिला, तर शिक्षकाला पुढच्या तासाला कुठून सुरुवात करायची ते त्या वह्यांतूनच समजेल.