दाखल्यावरचे टक्के आणि घरातली देखभाल

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या आसपासच्या गावांत दिव्यांग माणूस असलेल्या घरांमध्ये सध्या एकच धास्ती ऐकू येते: ‘फेरतपासणी लागली, आता दाखला रद्द होणार आणि पगार बंद पडणार.’ संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाला आपल्याकडे पगारच म्हणतात.

ही धास्ती कुठून आली ते उघड आहे. बीड जिल्हा परिषदेत बदलीत सवलत मिळावी म्हणून दिव्यांग प्रमाणपत्रं जोडलेल्या शिक्षकांची फेरतपासणी झाली आणि त्यातले काही निलंबित झाले. पुढे २०२५ मध्ये राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी हाती घेतली. ती पडताळणी नोकरीतले लाभ घेणाऱ्यांची आहे. खोट्या दाखल्यावर लाभ घेणाऱ्याला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. घरात अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या आईने त्या बातम्या वाचून झोप उडवून घेण्याचं कारण नाही.

मग बदललं काय? १ जून २०२१ पासून दाखला फक्त यूडीआयडी (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवरूनच निघतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने नियम आणखी बदलले. दाखला देण्याची मुदत एक महिन्याची तीन महिने झाली आणि यूडीआयडी कार्डाला रंग आले: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि त्यावर निळं. अर्ज करून तपासणीला गेलाच नाहीत, तर दोन वर्षांनी तो अर्ज बाद होतो. ही शेवटची गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे, कारण नेट कॅफेवाल्याकडून अर्ज भरून पावती घडी घालून ठेवली की काम झालं असं समजणारी कितीतरी घरं आहेत. पावती म्हणजे दाखला नव्हे. जुना कागदी दाखला असेल, तर त्याच्या आधारे कार्डासाठी अर्ज करता येतो. दाखल्यावर ‘कायमस्वरूपी’ लिहिलंय की मुदतीची तारीख आहे, ते मात्र आजच बघून ठेवा.

‘८० टक्के नसतील तर काहीच मिळत नाही’ हा समज केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनावरून पसरला. तिथे ८० टक्क्यांची आणि दारिद्र्यरेषेखालील यादीची अट आहे. संजय गांधी योजनेला ४० टक्के पुरतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना दीड हजारावरून अडीच हजार झाली. पण कार्ड आलं म्हणून पगार आपोआप सुरू होत नाही. तहसीलला वेगळा अर्ज करावा लागतो, खातं आधारशी जोडलेलं लागतं, आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज मात्र वेगळाच आहे: टक्के जास्त म्हणजे देखभाल जास्त, टक्के कमी म्हणजे कमी. टक्के शरीरातली किंवा बुद्धीतली उणीव मोजतात. रात्री किती वेळा कूस बदलून द्यावी लागते, शौचाला कोण नेतं, एकटं ठेवलं तर विहिरीकडे जातो का, हे पायाच्या तपासणीत कुणी विचारत नाही.

बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीत मात्र रोजच्या वागण्याबद्दल विचारतात, आणि तिथे आपली माणसं स्वतःचंच नुकसान करून घेतात. तिथे एका प्रश्नमालेवरून गुण काढतात. खाणं, कपडे, अंघोळ, बोलणं, बाहेर जाणं यांतलं काय स्वतः जमतं हे आईवडिलांना विचारलं जातं, आणि त्या गुणांवरून सौम्य ५०, मध्यम ७५, तीव्र ९० आणि अतितीव्र १०० टक्के ठरतात. प्रश्न येतो, ‘हाताने जेवतो का?’ आई म्हणते, ‘जेवतो की.’ चारचौघांत लेकराला कमी म्हणायला तिची जीभ रेटत नाही. प्रत्यक्षात भाकरी दुधात कुस्करून, ताटली मांडीशी टेकवून, पहिला घास तिनेच भरवलेला असतो आणि शेवटी तोंडही तिनेच पुसलेलं असतं. ते ‘जेवतो की’ कागदावर उतरतं आणि लेकरू एका पायरीने सौम्य ठरतं. म्हणून तपासणीला जाण्याआधी आदल्या दिवसाचं सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं लिहून न्या: कुठे हात लावावा लागला, कुठे नुसती आठवण करून द्यावी लागली. यात लेकराची बदनामी नाही. वाढवून सांगायचं नाही आणि झाकायचंही नाही.

देखभालीची गरज वेगळी मोजण्याची तरतूद कायद्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१६ च्या कायद्याच्या ३८ व्या कलमाखाली ४० किंवा त्याहून जास्त टक्क्यांची व्यक्ती किंवा तिच्या वतीने कुणीही ‘उच्च आधाराची गरज’ आहे म्हणून अर्ज करू शकतो. त्याचा निर्णय मूल्यांकन मंडळाच्या तपासणीवरून व्हायचा असतो. २४ व्या कलमात अशा व्यक्तींसाठी देखभाल भत्त्याचा उल्लेखही आहे. केरळ घरी सांभाळणाऱ्याला ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून महिना ६०० रुपये देतं. संजय गांधीचे अडीच हजार मात्र दिव्यांग व्यक्तीचे आहेत. तिच्यासाठी मजुरी सोडून घरी बसलेल्या आईच्या कष्टांचा तो मोबदला नाही, आणि तसा समज करून घेतला तर आपण देखभाल भत्ता मागायचंच विसरून जाऊ.

दसरा झाला की आपल्याकडच्या टोळ्या उसाला निघतात. दिव्यांग लेकरू एकतर आजी-आजोबांकडे राहतं, नाहीतर टोळीसोबत कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) जातं. हयातीच्या दाखल्याचं किंवा तपासणीचं बोलावणं आलं, तर आजोबांना त्यातलं काही कळत नाही. म्हणून निघण्याआधी कार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक आणि अर्जाचा क्रमांक एका पिशवीत घालून घरी राहणाऱ्याच्या हाती द्या. अर्जावर टोळीसोबत जाणाऱ्याचा नव्हे, गावात राहणाऱ्याचा मोबाइल नंबर घाला. कार्ड देशभर चालतं, त्यामुळे कारखाना पश्चिम महाराष्ट्रातला असो की कर्नाटकातला, तिकडे जाऊन नवीन दाखला काढावा लागत नाही.

टक्के कमी लागले किंवा दाखला नाकारला, तर तो शेवटचा शब्द नाही. नकाराचं कारण लेखी मागा. ५९ व्या कलमाखाली राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. याच चार गटांसाठी एक लाखापर्यंतचा ‘निरामय’ आरोग्य विमाही आहे, आणि त्याला आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. आईवडील साठीला टेकले असतील, तर पालकत्वाचा अर्ज पुढच्या हंगामावर ढकलू नका. त्यात आपल्यामागे कोण सांभाळणार, त्या भावाचं किंवा बहिणीचं नाव त्यांना विचारूनच लिहा.