बाष्पाची वाट

तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं काही कमी नाहीत. थंडाव्यात बेदाण्याचा रंग टिकतो आणि सौद्यात रंगावर भाव ठरतो. अशाच एका जुन्या गोदामाचं कोल्ड स्टोरेज होत होतं. विटांच्या भिंती, वर लोखंडी कैच्या आणि पत्रा. तयार पॅनेल बसवायला कैच्या आडव्या येत होत्या, म्हणून गारवा टिकवायला आतून फोम मारायचा एवढं पक्कं झालं होतं. कोणता, यावर बापलेकाचं अडलं होतं.

लेकाने अमेरिकन व्हिडिओ पाहिले होते. "अण्णा, ओपन सेल घेऊ. इंचाला निम्म्याहून कमी पैसे पडतात." हिशेब खोटा नव्हता. ओपन सेल गनमधून निघाला की शंभरेक पट फुगतो, त्यामुळे थोड्या मालात मोठी जागा भरते. पण फुगताना त्याचे बुडबुडे फुटतात आणि त्यांत साधी हवा भरते. क्लोज्ड सेल तीसेक पटच फुगतो, बुडबुडे बंद राहतात, गॅस आत अडकतो. म्हणून त्याचा एक इंच ओपन सेलच्या पावणेदोन इंचांचं काम करतो. (हा गॅस पूर्वी एचसीएफसी-१४१बी असायचा. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून भारताने २०२० पासून फोममधला त्याचा वापर बंद केला.)

ठेकेदाराने दोन नमुने आणले होते. एक बोटाने दाबला की दबायचा आणि सोडला की पुन्हा वर यायचा. दुसऱ्यात नखही रुतेना. दोन्ही बादलीत दगडाखाली दाबून ठेवले. दुसऱ्या दिवशी मऊ तुकडा काढून पिळला, तर पाण्याची धार लागली. कडक तुकडा कापला, आत कोरडा.

खरं तर कोल्ड स्टोरेजच्या भिंतीवर कुणी पाणी ओतत नाही. तिथे शिरतं ते बाष्प. पावसाळ्यात बाहेरच्या हवेतल्या बाष्पाचा दाब चार अंशांच्या खोलीतल्यापेक्षा तिपटीहून जास्त असतो. ते आत घुसायला बघतं आणि थंड थर लागला की तिथेच त्याचं पाणी होतं. ओपन सेल त्याला वाट देतो. फोम ओला झाला की गारवा गळतो, कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि वीजबिल वाढतं. व्हिडिओतल्या घरांची गोष्ट वेगळी. लाकडी घराच्या आतल्या भिंतीत ओपन सेल आवाज शोषतो, आणि ओल आली तरी सुकायला वाट असते. सल्ला चुकीचा नव्हता, त्या घरापुरता बरोबर होता.

शेवटी क्लोज्ड सेल ठरला. त्याची फवारणी बघायला मी थांबलो. दोन ड्रम, एकात तपकिरी आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल. तापवलेल्या नळ्यांतून दोन्ही समान मापाने येतात आणि गनमध्येच भेटतात. भिंतीवर लागलेला पातळ थर बघता बघता वर येतो आणि हात लावावा तोवर कडक झालेला असतो. कारागीर बाहेरून हवा येणारा मास्क लावून होता. ते सुती रुमालाने भागवण्याचं काम नव्हे. आयसोसायनेटने एकदा दमा जडला की पुढे त्याचा थोडा अंशही सोसत नाही. दोन इंचांच्या वर एका हातात मारायचं नाही, हेही त्याने पाळलं. जाड थरातली उष्णता बाहेर पडत नाही, फोम आतून करपतो, क्वचित पेटतोसुद्धा. कैच्यांच्या लोखंडावरही त्याने फोम चढवला, नाहीतर गार लोखंडाला घाम सुटून माल भिजला असता. रॅकचं वेल्डिंग आधीच उरकून घेतलं होतं, कारण उघड्या फोमवर ठिणगी नको. वर आगरोधक थर यायचा होता.

मला सगळ्यात पटला तो काम ठरतानाचा अण्णांचा एक मुद्दा. कोटेशनमध्ये फक्त जाडी लिहिली होती. ठेकेदाराने माल पातळ फुगवून जाडी भरून काढली, तर कळणार कसं? अण्णांनी घनता लिहून मागितली. क्लोज्ड सेलचा दहा सेंटिमीटरचा घन ठोकळा बत्तीस ग्रॅमच्या खाली नको. ओपन सेलचा तेवढाच ठोकळा आठेक ग्रॅम भरतो. भिंतीत कुठे कापायचं ते अण्णा दाखवणार, वजन सोनाराकडच्या काट्यावर. ठेकेदाराने जरा कुरकूर केली, दर थोडा वाढवला आणि सही केली.