पानाआधी पोहोचणारा क्रमांक

मोबाइलवरून एखादी वेबसाइट उघडली, की तिच्या सर्व्हरला ब्राउझर कळतो, आयपी पत्ता कळतो. पण असंख्य ग्राहक मोबाइल कंपनीच्या एकाच गेटवेतून बाहेर पडतात, त्यामुळे त्या पत्त्यावरून माणूस ओळखता येत नाही. माणूस ठाऊक असतो कंपनीला, कारण सिम तिचं आणि बिलही तिचंच. गेल्या पंचवीस वर्षांतला मोबाइल बिलिंगचा सगळा इतिहास ही ओळख साइटला कशी द्यायची, याभोवती घडला आहे.

जपानच्या डोकोमोने २२ फेब्रुवारी १९९९ला आय-मोड ही मोबाइल इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा या प्रश्नाचा फार नेटका विचार झाला होता. वापर मोजला जाई १२८ बाइटच्या पॅकेटवर, दर पॅकेटला ०.३ येन. कंपनीने मान्य केलेल्या साइटना महिन्याला साधारण ३०० येनपर्यंत वर्गणी लावता येई. ती फोनच्या बिलातच वसूल होई आणि कंपनी त्यातले फक्त ९ टक्के ठेवी. साइटच्या हाती ग्राहकाचा फोन नंबर जात नसे. गेटवे एक बारा अक्षरी सांकेतिक ओळख पाठवी, हिशेबाला तेवढी पुरे. साइटवाल्याला पैसे मिळाले आणि ग्राहकाचा नंबर सुरक्षित राहिला. इतका समतोल पुढे क्वचितच दिसला.

इतरत्र, वॅप या जुन्या मोबाइल-इंटरनेट पद्धतीच्या काळात, सोपी वाट धरली गेली. ग्राहकाने पान मागितलं, की गेटवे त्या विनंतीच्या हेडरमध्ये थेट मोबाइल नंबर घालून पुढे पाठवी. कराराने बांधलेल्या साइटपुरतंच हे व्हायला हवं होतं. पण ती मर्यादा गेटवेवरच्या एका सेटिंगवर अवलंबून होती. जानेवारी २०१२मध्ये ब्रिटनच्या ओटू या मोबाइल कंपनीत देखभालीच्या कामात ते बिघडलं आणि १० ते २५ तारखेपर्यंत ग्राहकांचे नंबर ते उघडतील त्या साइटना जात राहिले.

भारतात नुकसान वेगळ्या रीतीने झालं. इथले बहुतेक ग्राहक प्रीपेड. त्यांच्या घरी बिल येतच नाही, फक्त बॅलन्स कमी होतो. वॉलपेपरच्या किंवा क्रिकेट स्कोअरच्या लिंकवर बोट पडलं, की नंबर साइटकडे गेलेला असे आणि पॅक सुरू झालेला असे. दहा-वीस रुपयांचं रिचार्ज करणाऱ्यासाठी रोजचे दोन-तीन रुपये थोडे नव्हते. आपण कशाला हो म्हटलं, हेच त्याला समजत नसे. मला हा त्या काळातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. दूरसंचार नियामक ट्रायने २०११मध्ये आणि नंतर जुलै २०१३मध्ये निर्देश काढले: दोनदा संमती हवी, आणि दुसरी संमती सेवा विकणाऱ्याने नव्हे, वेगळ्या यंत्रणेने घ्यायची. सेवा बंद करायला १५५२२३ हा क्रमांक ठरला.

हेडरची हीच युक्ती जाहिरातवाल्यांच्याही कामाला आली. अमेरिकेत व्हेरायझन ही मोबाइल कंपनी ग्राहकांच्या विनंत्यांत न पुसता येणारी खूण घालत होती. कुकी पुसल्या तरी तिच्या आधारे त्या पुन्हा उभ्या करता येत. २०१४मध्ये त्याचा बोभाटा झाला आणि २०१६मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने १३.५ लाख डॉलरचा दंड केला.

हे थांबलं ते मुख्यतः एचटीटीपीएस या कूटबद्ध जोडणीमुळे. कुलूपबंद विनंतीत मधल्या गेटवेला काही लिहिता येत नाही, आणि २०१८मध्ये क्रोमने बिनकुलपाच्या साइटना ‘असुरक्षित’ म्हणायला सुरुवात केल्यावर तशा साइट झपाट्याने कमी झाल्या. भारतात २०१६मध्ये यूपीआय आलं आणि छोट्या रकमांसाठी बॅलन्सला हात लावायचं कारणच उरलं नाही.

मात्र कंपनीकडची ओळख अजून मोलाची आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये मोबाइल कंपन्यांच्या जीएसएमए या संघटनेने ओपन गेटवे हा उपक्रम जाहीर केला. त्यातल्या नंबर-पडताळणीत ॲप किंवा साइट विचारते, हा नंबर याच फोनचा का, आणि कंपनी हो-नाही कळवते. ओटीपी टाकावा लागत नाही, म्हणजे ग्राहकाला काही दिसलंच पाहिजे असंही नाही. म्हणून २०१३ची अट इथेही लागू व्हावी, असं मी आग्रहाने म्हणेन: परवानगी मागणारं पान त्या साइटच्या हातात नसावं.